खोटा आवाज, खरा साप

ब्रिस्टल

तीर्थरूप आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "टीव्हीवरचं ते जनावरांचं समदं बनवलेलं असतंय." तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

मी राहते त्याच गावात १९५७ पासून बीबीसीचा निसर्गपट करणारा विभाग आहे. निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या कितीतरी मालिका इथं झाल्या. 'गांधी' सिनेमा काढणारे रिचर्ड हे त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे घराणं तुम्हाला अगदीच परकं नाही.

आधी तुमचं खरं निघालं ते सांगते. आवाज बहुतेक नंतर भरतात. मोठ्या लेन्सनं लांबचं अस्वल जवळ दिसतं, पण तेवढ्या अंतरावरून माइकला त्याची पावलं ऐकू येत नाहीत. मग स्टुडिओत एक माणूस पडद्याकडं बघत कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबत बसतो, की झालं अस्वलाचं बर्फातून चालणं! याचा मला काही राग नाही.

आईनं भाकरी थापायची थांबवून पाहिलेला तो सापांचा पाठलाग २०१६ च्या 'प्लॅनेट अर्थ टू'मधला, गालापागोस बेटांवरचा. इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्याची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राकडं धावतात आणि साप टपून असतात, हे अगदी खरं. पण आपण ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो ते एकच पिल्लू नव्हतं. वेगवेगळ्या पिल्लांची दृश्यं जोडलेली होती. तेही चालेल म्हणते मी.

२०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेचं मात्र पटत नाही. बर्फातल्या गुहेतली म्हणून दाखवलेली पांढऱ्या अस्वलाची पिल्लं नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयातली होती. रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं, हे कारण योग्यच. पण निवेदनात तसं स्पष्ट सांगितलं नाही. एका वाक्यानं काय बिघडलं असतं? तुम्हाला दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानाच्या कार्यक्रमातले शास्त्रज्ञ यशपाल आवडायचे. ना साप, ना थरार. लोकांनी पाठवलेल्या प्रश्नांना साध्या बोलण्यात उत्तरं.

तरीही बघणं सोडू नका. १९९५ ची एक मालिका नुसती झाडांवर आहे, 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लँट्स'. थोड्या थोड्या वेळानं एकेक फोटो घेत राहायचं आणि सगळे सलग पळवायचे. मग वेलीचा शेंडा हवेत गोल फिरत आधार चाचपतो, काडी लागली की विळखा घालतो. मांडवावरचा दोडका तुम्ही जन्मभर पाहिलात, पण सकाळी बघावं तर वेल चढलेली, एवढंच. चढताना कोण बघतंय? तिथला वेग बनावट आहे, हालचाल नाही. माझ्या लेखी कॅमेऱ्याचं खरं काम हेच.

आता एक काम सांगते. आषाढ लागला की विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतील. विणतो नर, उसाच्या पानाच्या चिरट्या काढून. अर्धा खोपा झाला की मादी येऊन पाहते. पसंत पडला तरच तो पुरा करतो, नाहीतर तसाच सोडून दुसरा धरतो. मोबाइल आडवा धरून रोज एकाच जागेवरून थोडं थोडं टिपा. मोटारीचा आवाज आला तरी येऊ द्या, मला चालतो. कठड्यावर मात्र चढू नका, धाकट्याला सांगा.

बीपीची गोळी चुकवू नका. आईला नमस्कार, लेकरांना पापे.

तुमची,
सुमी