लॅमिंग्टन रोडवरच्या दादांना, डोंबिवलीच्या काकूंकडून

दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते सोडा काकू, मशीन गरम होतंय का ते सांगा" म्हणून विषय बदलता. म्हणून आता लिहूनच टाकते, तेही चारचौघांत. इथे तुम्हाला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

२०२३ च्या दिवाळीआधीचा सोमवार होता. सोमवारी आमचं पोळी-भाजी केंद्र बंद असतं. भिशीचे ४०,००० रुपये पर्समध्ये, पर्स छातीशी धरलेली आणि सोबत नुकताच कॉलेजात गेलेला चिरंजीव, ज्याला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं छान लिहिलंय, पण कॉम्प्युटरच्या दुकानांचा हा रस्ता लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कोणी हात करून दाखवत नाही. घरातून निघताना ह्यांनी विचारलंच होतं, "गेम खेळायला चाळीस हजार?" पोराने वर्षभर संध्याकाळचे डबे सायकलवरून पोचवले होते. पावसातसुद्धा. त्यामुळे तो प्रश्न मी दारातच ठेवून आले.

पहिल्याच दुकानात लाल-निळे दिवे लावलेलं एक खोकं गरगरत होतं. वर कागद चिकटवलेला: आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड, मॉनिटरसकट २६,५००. आय सेव्हन हा इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, आणि ग्राफिक कार्ड गेमची चित्रं पडद्यावर काढतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा पोराचे डोळे दिव्यांवर, माझे किमतीवर. मनात हिशोब झालासुद्धा. उरलेल्या पैशांत कणीक मळायचं यंत्र येत होतं. मी पर्सची चेन उघडली, आणि काउंटरला टेकून कसल्यातरी पार्टची वाट बघत उभे असलेले तुम्ही दुकानदाराकडे न बघता माझ्या मुलाला हळूच म्हणालात, "मित्रा, आय सेव्हन कितव्या जनरेशनचा, विचारलंस का?"

विचारलं. दुकानदार म्हणाला, "जनरेशन से क्या होता है, आय सेव्हन है ना." तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त बाहेर चहाच्या टपरीकडे मान हलवलीत. मी चेन लावली.

टपरीवर तुम्ही एका चलनाच्या पाठीवर लिहून दाखवलंत. तो कागद अजून माझ्या हिशोबाच्या वहीत आहे, चहाच्या डागासकट. "काकू, आय सेव्हन म्हणजे पेटीवर लिहिलेलं हापूस. आत काय आहे ते पुढचा नंबर सांगतो." नंबर होता २६००. चार आकड्यांतला पहिला दोन, म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. त्याच्याखालचं मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात ते, नवं कोरं दिसत होतं, पण बनवलेलं त्याच जुन्या खाचेसाठी. आणि ते चार जीबीचं ग्राफिक कार्ड म्हणजे जीटी ७३०, २०१४ चं. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी आमच्या सोसायटीत दहा जणांना ऐकवलंय: "टाकी मोठी आहे, पण नळ करंगळीएवढा." म्हणजे कार्डाची मेमरी भरपूर, पण ती वापरायची वाट अरुंद. डोंबिवलीत राहणाऱ्या बाईला पाण्याची भाषा लगेच कळते.

दादा, वजनात पन्नास ग्रॅम मारणारा भाजीवाला मी दुरून ओळखते. वीस वर्षं तेच करतेय. पण इथे वजन चोख होतं, माल शिळा होता. खोटं असं कोणी काही बोललंच नव्हतं, त्यामुळे माझी नेहमीची नजर तिथे चाललीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले तेव्हा मला तेच खोकं आठवलं. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते म्हणे. दोन वर्षांत माझे साडेसव्वीस हजार कोपऱ्यात धूळ खात पडले असते.

मग तुम्ही यादी केलीत. यादीतली पहिली ओळ ग्राफिक कार्डाची होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, "आत्ता नाही." मुलाचा चेहरा एवढासा झाला. गेमिंग पीसी घ्यायला आलो आणि गेमिंगचंच नाही? तुम्ही त्याला समजावलंत की मॉनिटर धरून चाळीस हजारांत कार्ड बसवायचं तर बाकी सगळीकडे हात आखडावा लागेल, आणि मग कार्ड चांगलं आणि घर पडकं अशी गत होते. त्यापेक्षा ज्याच्या पोटातच बरं ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्यायचा, एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी. कार्डाची जागा रिकामी ठेवायची.

शेपटीचं अक्षर बघायला तुम्ही शिकवलंत ते लगेच पुढच्याच दुकानात उपयोगी पडलं. तिथल्या पोराने "आय थ्री १२१००एफ घ्या, स्वस्तात जास्त पळतो" म्हणून सुरुवात केली. प्रोसेसर चांगलाच आहे तो, तुम्हीही तसं म्हणाला होतात. पण एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच. माझा मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "एफ नको, जी पाहिजे." तेवढ्या एका वाक्यावर दुकानातल्या पोराचा बोलायचा सूर बदलला, हे मी स्वतः पाहिलं.

रॅमचं मात्र मी भांडून घेतलं. दुकानदार सोळा जीबीची एकच पट्टी देत होता, "नंतर वाढवता येईल" म्हणून. तुमच्या कागदावर होतं "८ + ८, एकच नको", खाली दोन रेघा. कारण तुम्ही टपरीवर सांगितलं होतं. या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं, आणि दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी उचलतं. आमच्या केंद्राला एकच खिडकी होती तेव्हा संध्याकाळी सातला रांग रिक्षा स्टँडपर्यंत जायची. आत पोळ्यांचा ढीग तयार असायचा, तरीही. दुसरी खिडकी काढली तेव्हा सुटलो. म्हणून मला ते पटायला वेळ लागला नाही, आणि दुकानदाराला मी ते पटवूनही दिलं. तेव्हा दोन पट्ट्या ३,३०० ला मिळाल्या होत्या. आता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून नेल्यावर रॅमचे भाव कुठे गेलेत ते मुलगा सांगतो तेव्हा मला भिशी वेळेवर लागल्याचा आनंद होतो.

आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा! कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा नको, असं तुम्ही तीनदा बजावलंत. "त्याच्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, हातात घेऊन बघा." घेतला. रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा हलका. मग दुसरा दिला, वीज कमी वाया घालवण्याचा ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला, ३,२०० चा. तो हाताला जाणवला. नुसत्या वजनावरून पारख होत नाही हे कळतं मला, पण फरक एवढा होता की शिक्का वाचायचीही गरज पडली नाही. बोर्डाच्या खोक्यावर रायझन ५००० चालत असल्याचं स्टिकर बघा, प्रत्येक पार्टाचा सीरियल नंबर पक्क्या बिलावर घ्या, हेही केलं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून ३८,३०० झाले. उरलेल्या १,७०० त आम्ही दोघांनी जेवून टॅक्सी केली, कारण मॉनिटर घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं मला जमणार नव्हतं. टॅक्सी दादरपर्यंतच हं.

एका बाबतीत मात्र तुमचं चुकलं, तेही सांगते. पुढे काच असलेलं कॅबिनेट नको, जाळीचं घ्या, हवा खेळती राहील, म्हणालात. बरोबर. पण आमचं घर केंद्राच्या मागे आहे आणि हवेत कणीक असते, हे तुम्हाला कुठे ठाऊक? जाळीने हवेबरोबर पीठही आत ओढलं. आता दर पंधरा दिवसांनी ती जाळी काढून चाळण झटकतात तशी झटकते. पोराचं काम आहे, पण करते मीच.

त्या रात्रीचं लिहायलाच हवं. "जोडून कशाला देऊ, त्याचं त्याला जोडू दे" म्हणालात आणि व्हिडिओ कॉलवर बसलात. पोळ्या लाटायचा ओटा धुऊन, पुसून, वर जुनी सुती साडी अंथरली. मुलाचा हात थरथरत होता. खोक्यातून काढताना प्रोसेसर साडीवर पडला, जेमतेम वीतभर उंचीवरून. बसवायला गेला तर बसेना. तुम्ही तिकडून ओरडलात, "दाबू नकोस! उलटा करून दाखव."

या प्रोसेसरला खाली पिना असतात. तेराशे एकतीस, हा आकडा तुम्ही नंतर सांगितलात, नाहीतर माझ्या तोंडचं पाणी तेव्हाच पळालं असतं. कोपऱ्यातल्या सोनेरी त्रिकोणाच्या बाजूची एक पिन कलंडलेली होती. साडीच्या फॉलमधून टाका निसटावा तेवढीच. ११,८०० रुपये, आणि केसाएवढी पिन. मुलगा रडायच्या बेतात. तुम्ही शांतपणे विचारलंत, "घरात पेनपेन्सिल आहे? शिसं काढून टाका. पुढची नळी पिनवर हलकेच बसवा, आणि सरळ करा. एकदम नाही."

ते काम माझ्याकडे आलं. मोदकाच्या कळ्या पाडणारे हात आहेत हे, पण त्या रात्री श्वास रोखून धरला होता. नळी पिनवर बसली, अगदी थोडी मागे घेतली, काढली. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून तुम्ही रांग दाखवायला लावलीत. अजून थोडी. पुन्हा नळी. तिसऱ्या वेळी रांग सरळ दिसली. मग त्रिकोणावर त्रिकोण ठेवला तर प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसला, जोर नाही, आवाज नाही. मी खाली लादीवर बसले आणि म्हटलं, आता पुढचं तुमचं तुम्ही करा.

पुढचंही सरळ झालं नाही म्हणा. एसएसडीचा, म्हणजे सगळी माहिती साठवणाऱ्या पार्टाचा, तो मुंगीएवढा स्क्रू पोराच्या हातून उडाला आणि कुठे गेला देव जाणे. त्याशिवाय एसएसडी एका बाजूने वर उचललेला राहतो. शेवटी चिकटपट्टी लावली. तुम्ही कपाळाला हात लावलात, पण "चालेल आजच्या रात्रीपुरतं" म्हणालात. पहाटे दीडला पडदा उजळला.

आठवडाभराने तुमचाच मेसेज आला. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरचा फोटो पाठव. रॅमच्या वेगापुढे २४०० दिसत होतं, पट्ट्या घेतल्या होत्या ३२०० च्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाचं काहीतरी चालू करायला लावलंत. कशासाठी ते मला कळलं नाही, पण मुलगा म्हणाला व्हॅलोरंट हा त्याचा गेम सेकंदाला नव्वद चित्रांवर होता तो एकशे दहावर गेला. एक पैसाही न लावता. हे विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या रॅम अशाच अर्ध्या झोपेत चालत असतील, असं मला उगाच वाटून गेलं.

पुढच्या वर्षी त्याला सात हजारांत कोणाचंतरी वापरलेलं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड मिळत होतं. तेव्हाही तुम्ही आडवे आलात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे ते चलन कमवायची आकडेमोड, बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात कशी आली ते सांगितलंत, आणि म्हणालात, नावावर जाऊ नको, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडचा फोटो मागव, आत काम करणारे भाग २३०४ आहेत की २०४८ बघ. आलं २०४८. तेच नाव, कमी ताकद. पुन्हा तेच हापूसचं. पोराने आणखी चार महिने डबे पोचवले आणि २०२४ च्या दिवाळीत नवीन आरएक्स ६६०० घेतलं. तोच एसएमपीएस त्याला पुरला. बोर्ड बदललं नाही, रॅम बदलली नाही, प्रोसेसर बदलला नाही. रिकामी ठेवलेली जागा भरली, बस. चलनाच्या पाठीवरच्या त्या पहिल्या ओळीवर मी स्वतः बरोबरची खूण केली.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, ना पहिल्या दिवशी, ना नंतर. म्हणून जोडणीनंतरच्या सोमवारी मुलाबरोबर डबा पाठवला होता, चार पुरणपोळ्या आणि कटाची आमटी. डबा रिकामा परत करू नये ही आपल्याकडची रीत. संध्याकाळी घासलेला डबा आला, उघडला तर आत वर्तमानपत्राच्या कागदाची छोटीशी पुडी. मला वाटलं साखर असेल. पुडीत तो एसएसडीचा स्क्रू होता. एक नाही, तीन. वर पेनाने लिहिलेलं: "दोन हरवण्यासाठी."

तुमची,
डोंबिवलीच्या काकू

ता. क. दुसराही हरवला.