सेवेतली घराणी

जेरुसलेम

ती. आबांना सा. न. वि. वि.

विठ्ठलाच्या सेवेत दिवट्यांकडे दिवटी, डिंगऱ्यांकडे आरसा असायचा, असं तुम्ही सांगायचात. इथल्या ज्यूंच्या प्राचीन मंदिरातही अशी घराणी होती का, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सेवेचा मान लेवी वंशाचा. त्यातही याजक, म्हणजे पुजारी, फक्त मोशेचा भाऊ अहरोन याच्या कुळातले. मंदिराच्याही आधी, वाळवंटातून फिरताना निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, उचलून न्यायचा, तेव्हा लेवींच्या तिन्ही घराण्यांना कामं वाटून दिली होती. मरारींकडे फळ्या, अडसर, खांब. त्यासाठी चार गाड्या, आठ बैल. गेर्षोनींकडे पडदे आणि आच्छादनं; दोन गाड्या, चार बैल. कहाथींना एकही गाडी नाही, कारण कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी), दीपवृक्ष, वेद्या खांद्यावरूनच न्यायच्या. तेही याजकांनी सगळं झाकून दिल्यावर. उघडी वस्तू क्षणभर दिसली तरी मृत्यू! जे जन्मभर खांद्यावर वाहायचं, ते डोळ्यांनी कधी बघायचं नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

वतन म्हणून जमीन लेवींना नव्हतीच. राहायला 48 नगरं आणि लोकांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा. त्यातलाही दहावा पुन्हा याजकांना.

पुढे जेरुसलेमच्या मंदिरात याजकांचे 24 वर्ग झाले, प्रत्येकाची पाळी आठवड्याची. रोज कोणी काय करायचं ते चिठ्ठ्यांसारखं नशिबावर ठरे. धूप जाळायचा मान ज्याला आधी कधी मिळाला नसेल त्यालाच.

पण आबा, मला खरी ओढ लागली ती अवतिनास घराण्याची. मंदिराचा धूप तेच बनवायचे. त्यात एक वनस्पती अशी घालत की धूर काठीसारखा सरळ वर जाई. ही विद्या ते कोणाला शिकवेनात, म्हणून आलेक्झांड्रियाहून कारागीर आणवले. त्यांना बाकी सगळं जमलं, धूर काही सरळ चढेना. शेवटी दुप्पट मोबदला देऊन अवतिनासांनाच परत बोलवावं लागलं. जुन्या आचार्यांनी त्यांना बोल लावला आहे. अयोग्य माणसाच्या हाती पडून ही विद्या मूर्तिपूजेत वापरली जाईल, ही भीती अवतिनासांनी कारण म्हणून सांगितली होती. मला त्यांचं पटतं, कारण त्या घरातली नवरी लग्नातसुद्धा अत्तर लावत नसे. बाहेरून सून आणायची तरी हीच अट. देवाच्या धूपातलं घरी वापरतात, असं कोणी बोलू नये म्हणून. समर्पित भाकरी भाजणाऱ्या गार्मू घराण्याच्या मुलांच्या हातातही कधी बारीक पिठाची भाकरी दिसली नाही म्हणतात.

सगळेच असे नव्हते. जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीत एक जळालेलं घर आहे, 1970 मध्ये नाहमान अविगाद यांनी खणून काढलेलं. इ.स. 70 मध्ये रोमनांनी शहर पाडलं तेव्हाच ते जळालं. तिथे एक गोल दगडी वजन ठेवलंय, त्यावर 'बार काथ्रोस' हे नाव कोरलेलं. हे याजकांचंच घराणं, आणि तल्मूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात त्यांच्या लेखणीच्या नावाने हाय हाय केलेली आहे. त्यांचे नोकर लोकांना काठ्यांनी मारत, असंही तिथेच आहे. काजळी धरलेल्या त्या भिंतींसमोर मला त्यांचा राग आला. त्याच मंदिरात सेवा करणारी दोन घरं, आणि एका घरात अत्तरही वर्ज्य!

मंदिर गेलं तरी कोहेन, म्हणजे याजकांचे वंशज, आणि लेवी आहेत. सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, आशीर्वाद द्यायच्या आधी लेवी आजही कोहेनांच्या हातांवर पाणी घालतात. सुक्कोतच्या, म्हणजे मांडवांच्या सणात मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीपाशी असंख्य कोहेन एकत्र आशीर्वाद देतात; त्या दिवशी मी जाणार आहे. काय पाहिलं ते पुढच्या पत्रात लिहीन.

आजीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावायला विसरू नका.

तुमची नात