पाठ टेकवायला शिकवल्याबद्दल

प्रिय श्री. फर्गल डेव्हिट यांस,
स. न. वि. वि.

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी प्रो-रेसलिंग कंपनीमुळे जग तुम्हाला फिन बॅलर म्हणून ओळखतं, जपानातले जुने प्रेक्षक प्रिन्स डेव्हिट म्हणून. हे पत्र मात्र त्या फर्गलला आहे, ज्याने 2002 मध्ये, वय जेमतेम वीस-एकवीस असताना, पॉल ट्रेसी यांच्यासोबत ब्रे गावात प्रो-रेसलिंगची तालीम काढली. पत्र उघडं आहे, त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही यात येतील. त्या इतर वाचणाऱ्यांसाठी आहेत, त्या तेवढ्या सोसून घ्या.

ब्रे म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरचं समुद्रकाठचं गाव, विक्लो परगण्यातलं. हा खेळ शिकायला तुम्हाला स्वतःला समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या केंटमध्ये, हॅमरलॉकच्या तालमीत जावं लागलं होतं. तिथून जे शिकलात ते दोनच वर्षांत गावातल्या पोरापोरींना द्यायला बसलात. नाव नाही, किताब नाही, हाताशी होतं ते एवढंच की माणसाने पडायचं कसं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आमचे आभार मुख्यतः त्या पडण्याबद्दल आहेत.

आमच्याकडे कुस्ती म्हणजे पाठीला माती लागू न देणं. दोन्ही खांदे टेकले की चितपट, खेळ खलास. कोल्हापूरच्या तालमीत घुमणाऱ्या पोराला कोणी पहिल्याच दिवशी म्हणालं, ‘चल, आधी पाठीवर पड, पन्नासदा पड,’ तर ते वस्तादाच्या तोंडाकडे बघतच राहील. तुमचा खेळ नेमका तिथून सुरू होतो. जपानीत त्याला उकेमी म्हणतात, इंग्रजी तालमींत बंप.

ठरवून खेळलेल्या कुस्तीला आमच्यात नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द बहुतेक वेळा नाक मुरडूनच उच्चारला जातो. निकाल ठरलेला असतो, हे कबूल. पण नाक मुरडणाऱ्याने एकदा रिंगचं कॅनव्हास उचलून खाली बघावं. पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर, आणि वर ताणून बांधलेलं कापड. एवढंच. मधोमध फळ्या जरा लवतात, खांबांजवळ लवत नाहीत, आणि दोरांबाहेरची कडा सगळ्यांत कठीण. म्हणून जाणता खेळाडू मोठी आपटी शक्यतो मध्यावर घेतो. कडेवर घेतली तर ती मोजूनमापून, सामन्यात एखादीच.

पडायचं कसं, तेही सांगून टाकतो, कारण टीव्हीवर बघून गादीवर उड्या मारणारी पोरं आमच्याकडेही कमी नाहीत. आधी उकिडवं बसायचं, हात छातीवर घडी घातलेले, हनुवटी छातीला चिकटवलेली, नजर स्वतःच्या कमरपट्ट्यावर. मग मागे लवंडायचं आणि पाठीचा वरचा रुंद भाग, म्हणजे दोन खवाट्यांमधला, जमिनीला लागतो त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट आपटायचे. हात अंगापासून साधारण 45 अंशांत. खांद्यांच्या रेषेत वर गेले तर झटका खांद्यावर येतो, अंगाखाली आले तर स्वतःच्याच वजनाखाली सापडतात. श्वास त्याच क्षणी बाहेर सोडायचा, दात मिटलेले, जीभ आत. हे जमलं की अर्धवट उभं राहून, मग पूर्ण उभं राहून, मग कोणाच्या तरी पाठीवरून. मधली पायरी कोणी गाळली की ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

चुका ठरलेल्या असतात. मागे वळून जमीन कुठे आहे ते बघणारा हनुवटी सोडतो, आणि डोकं चाबकाच्या टोकासारखं फळीवर येतं. घाबरून हात मागे टेकवणाऱ्याचं मनगट जातं, नाहीतर कोपर, नाहीतर खांदा. आधी बूड टेकवणाऱ्याला माकडहाडाची कळ कंबरेपर्यंत जाते. श्वास धरून ठेवणाऱ्याचा दम असा कोंडतो की पुढचा अर्धा मिनिट तो माशासारखा तोंड उघडत राहतो. यांतली हात मागे टेकवण्याची चूक सगळ्यांत हट्टी, कारण ती खरं तर चूक नाहीच. पडताना हात पुढे करणं ही माणसाची उपजत खोड आहे. ती मोडायला शेकडो आपट्या लागतात, आणि शिकवणाऱ्याला तितकाच शेकडो वेळा ‘हनुवटी!’ म्हणून ओरडावं लागतं.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. इंग्लंड, अमेरिका, जपान, सगळीकडे पकड डावीकडून धरतात: मान बगलेत घ्यायची ती डाव्या, हात पिरगळायचा तो डावा. मेक्सिकोत उलटं, उजवीकडून, आणि तिथे पहिल्यांदा गेलेला परदेशी दोन-चार दिवस आरशात बघून दाढी करणाऱ्यासारखा गोंधळतो. ही बारीकशी शिस्त ब्रेमध्ये शिकलेल्याला टोकियोत कामी येते. समोरच्याची भाषा एक अक्षर येत नसली तरी तो कुठून येणार हे ठाऊक असतं.

टोकियोत तुम्ही 2006 मध्ये गेलात. तोवर आयर्लंडात तुम्ही शिकवणारे होतात. न्यू जपान या प्रो-रेसलिंग कंपनीच्या तालमीत, सेतागाया भागातल्या नोगे इथे, पुन्हा शिकाऊ झालात. तिथल्या यंग लायनची, म्हणजे शिकाऊ मल्लाची, दिनचर्या ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं अवघडपण कळेल: पहाटे उठून झाडलोट, वडीलधाऱ्या मल्लांच्या बॅगा, रिंग जोडणं आणि सोडवणं, आणि मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी चान्को शिजवणं. अंगावर साधी काळी चड्डी, पायात काळे बूट. डावही मोजकेच वापरायचे. चमकदार काही करायला गेलं की वस्तादांचा ओरडा ठरलेला.

आणि बैठका. पाचशे, कधी हजार, एका दमात, घामाचं थारोळं होईपर्यंत. जपानी तालमीत या व्यायामाला आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. टाचा उचलून खाली जायचं, हात मागून पुढे झोकत वर यायचं: या आमच्याच बैठका, हिंदुस्थानी आखाड्यातून फिरत फिरत तिथे पोचलेल्या. तुमच्या मांड्यांत आमच्या मातीचा थोडा अंश आहे, असं आम्ही म्हटलं तर रागावू नका.

फर्गल हे नाव जपानी जिभेवर बसेना, म्हणून प्रिन्स झालात. शंभर किलोखालच्या ज्युनियर हेवीवेट गटात तीनदा अजिंक्यपद, बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स ही स्पर्धा 2010 आणि 2013 मध्ये, र्‍युसुके तागुचींबरोबर अपोलो 55 ही जोडी. मे 2013 मध्ये फुकुओकात बुलेट क्लब हा मल्लांचा गट उभा केलात, चौघेही परदेशी. त्यावर इतकं लिहून झालंय (आणि इतके टी-शर्ट विकून झालेत) की इथे थांबत नाही. एप्रिल 2014 मध्ये जपान सोडलंत तेही तागुचींकडून हरून, जुन्या रीतीला धरून: जाणाऱ्याने राहणाऱ्याला मोठं करून जायचं. पुढच्याच वर्षी 4 जुलैला टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये, सुमोच्या त्या सभागृहात, केव्हिन ओवेन्सना हरवून एनएक्सटीचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवोदितांच्या शाखेचं, अजिंक्यपद घेतलंत. आठ वर्षं ज्या गावात काढली तिथेच ते मिळावं, यापरतं काय हवं.

आता 21 ऑगस्ट 2016. ब्रुकलिन, डब्ल्यूडब्ल्यूईचा समरस्लॅम हा मोठा कार्यक्रम, समोर सेथ रोलिन्स, आणि पहिल्यावहिल्या युनिव्हर्सल अजिंक्यपदाचा सामना. रिंगबाहेर तुम्हाला उचलून प्रेक्षकांसमोरच्या बॅरिकेडवर आदळलं गेलं, हात मागे गेला आणि खांदा निखळला. हा प्रसंग शिकणाऱ्यांनी थांबवून थांबवून बघावा असा आहे. उकेमीला सपाट जमीन लागते, आणि बॅरिकेडला असते ती कड. पाठ पसरायला जागाच नसली की सगळा भार एका सांध्यावर येतो. खांद्याची खोबण मुळातच उथळ. तिच्या काठावर कूर्चेचं एक कडं असतं, लॅब्रम, त्यामुळे हाडाचा गोळा आत टिकतो. ते कडं फाटलं की हाड जागेवर बसवता येतं, पण टिकत नाही. तुम्ही ते स्वतःच बसवलंत आणि सामना पुढे नेलात.

शेवट झाला तुमच्या नेहमीच्या डावाने, कू द ग्रासने: वरच्या दोरावर चढून, आडव्या पडलेल्याच्या अंगावर दोन्ही पायांनी उडी. वर चढायला हात लागतात, आणि त्या वेळी धड हात एकच होता. खाली येताना पाय छातीला लागतात त्याच क्षणी गुडघे वाकले पाहिजेत आणि वजन पुढे गेलं पाहिजे. गुडघे ताठ राहिले तर खालच्याच्या बरगड्या जातात. म्हणजे स्वतःचा खांदा जायबंदी असताना दुसऱ्याच्या बरगड्यांचा हिशेब करायचा. तो तुम्ही चुकवला नाहीत. सामना जिंकलात, पण दुसऱ्या दिवशी अजिंक्यपदाचा पट्टा परत दिलात, शस्त्रक्रिया झाली, आणि एप्रिल 2017 पर्यंत रिंगबाहेर. अनेकांना त्या रात्रीचा रंगवलेला राक्षस आठवतो. अंगभर रंग लावायला काही तास जातात आणि घामात तो निसरडा होऊन पकडी सुटायला लागतात, म्हणून समोरच्याला मनगटं जास्त घट्ट धरावी लागतात. आम्हाला मात्र त्या उडीतले वाकलेले गुडघे आठवतात.

ब्रेच्या त्या तालमीत 2002 मध्येच रेबेका क्विन नावाची पंधरा वर्षांची मुलगी आली. 2006 मध्ये जर्मनीत डोक्याला दुखापत होऊन तिचा खेळ थांबला आणि मधली बरीच वर्षं तशीच गेली. तरी 2013 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रशिक्षण केंद्रात ती तुमच्या वर्षभर आधी पोचली. बेकी लिंच म्हणून तिने 7 एप्रिल 2019 ला न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर रेसलमेनियाचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या सोहळ्याचा, शेवटचा सामना जिंकला. रेसलमेनियाची सांगता महिलांच्या सामन्याने होण्याची ती पहिलीच वेळ. त्याच रात्री त्याच रिंगमध्ये तुम्हीही इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद परत मिळवलंत. एका छोट्या गावातल्या तालमीची दोन माणसं एका रात्री, आणि मोठा सामना विद्यार्थिनीचा. वस्तादाला याहून वेगळं काय हवं असतं?

आमच्याकडचा एक प्रसंगही नोंदवून ठेवतो. 26 जानेवारी 2021 ला भारतीय प्रेक्षकांसाठी डब्ल्यूडब्ल्यूईचं सुपरस्टार स्पेक्टॅकल दाखवलं गेलं. त्यात तुम्ही एनएक्सटीचे अजिंक्यवीर म्हणून गुरु राज या भारतीय मल्लाशी लढलात. जिंकलात तुम्ही, ते अपेक्षितच होतं. पण नवख्या खेळाडूला झटपट गुंडाळून घरी पाठवण्याची सोय असताना तुम्ही त्याच्या उड्यांना खाली उभे राहिलात. झेपावणाऱ्याची उडी सुंदर दिसते ती झेलणाऱ्यामुळे. झेलणारा अर्धं पाऊल मागे राहिला तर तीच उडी जमिनीवर तोंड आपटते. टाळ्या उडीला मिळतात, त्यामुळे ते अर्धं पाऊल कोणी बघत नाही. आम्ही बघितलं.

आणि जॉर्डन डेव्हलिन. तोही ब्रेचाच, लहानपणी तुमच्या हाताखाली पडायला शिकलेला, आता जे. डी. मॅकडोना. 24 जून 2024 ला तुम्ही दोघांनी मिळून जागतिक टॅग टीम (जोड्यांचं) अजिंक्यपद जिंकलंत. जानेवारी 2025 मध्ये रिंगबाहेरच्या एका उडीत त्याच्या बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, आणि काही महिन्यांत तो परत उभा राहिला. पट्टा एका खांद्यावर टाकून तुम्ही शेजारी शेजारी उभे असायचात तेव्हा वयातला फरक दिसायचा, पण दोर ओलांडून आत येताना दोघांचीही हनुवटी आधी खाली जायची. ती ब्रेची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टीव्हीसमोर बसून पडणाऱ्याची हनुवटी बघणारे काही मराठी प्रेक्षक