आखाजीला नको, श्रावणात प्लॉट पाहा

संपादक महोदय,

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आपल्या पेपरची पानं प्लॉटच्या जाहिरातींनी भरून जातात. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून आपल्या खान्देशात बयाणा द्यायला लोक हाच दिवस धरतात. मुहूर्ताबद्दल माझी तक्रार नाही. पण घरासाठी जमीन पारखायला वैशाखाइतका वाईट महिना नाही. मी हे भोगलं आहे, म्हणून लिहितो.

पारोळ्याजवळच्या एका लेआउटमध्ये मी प्लॉट घेतला तो आखाजीलाच. आदल्या वर्षापर्यंत तिथे कपाशी होती. जमीन तापून दगडासारखी झालेली, रस्त्यांवर नवा मुरूम, फक्कीने आखलेल्या हद्दी. शेजारच्या बांधावरून एक आजी म्हणाल्या, "भाऊ, आठे दरसाल पानी साचस." (इथे दरवर्षी पाणी साचतं.) मी हो म्हटलं आणि विसरलो. घर झालं. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला, आज त्यात रुपयाचं नाणं उभं राहतं. न्हाणीघराचं दार श्रावणात लागत नाही आणि चैत्रात आपोआप लागतं. सुताराने दोनदा रंधा मारला, पण दोष दाराचा नव्हताच.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती सोनं आहे, पण उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. याचा अर्थ काळ्या जमिनीत घर बांधूच नये असा नाही. काळा थर कमी असेल तर तो काढून मुरुमावर पाया घेता येतो. जास्त असेल तर साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर अशा पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात. खर्च वाढतो, एवढंच. पण तो सौद्याच्या आधी कळायला हवा, जोत्यापर्यंत आल्यावर नव्हे.

कळतो कसा? सातबाऱ्यातला 'बारा', म्हणजे पिकांची नोंद, वाचावा. वर्षानुवर्षं कापूस लिहिला असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग मालकाला विचारून जेसीबीने सात-आठ फुटांचा एक खड्डा घ्यावा आणि थर डोळ्यांनी पाहावेत. शेतीचं माती परीक्षण इथे कामाचं नाही, पायासाठीची चाचणी वेगळी असते. त्यात कोरड्या मातीची पूड दोन काचेच्या नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. 24 तासांनी दोन्हींतला फरक मोजतात. लाखोंच्या घरापुढे या चाचणीचा खर्च किरकोळ आहे.

कागदांचं बहुतेकांना ठाऊक असतं: बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, भोगवटादार वर्ग (जमीन मोकळेपणी विकता येते की सरकारी परवानगी लागते, ते त्यावरून कळतं). स्टॅम्प पेपरवरचा गुंठ्याचा तुकडा घेऊ नये, हेही आता लोक जाणतात. गावनकाशा मात्र कोणी मागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो आणि बुजवलेला नाला त्यावर दिसतो. 2021 च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर नदीचं पाणी घरादुकानांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी आपली वाट विसरत नाही.

दिशेचंही थोडं बोलतो. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. पूर्वमुखी प्लॉटसाठी लोक जास्त पैसे मोजतात आणि झोपायची खोली पश्चिमेला काढतात. रात्री अकरापर्यंत ती भिंत हाताला चटका देते.

नगररचना विभागाला विनंती आहे की लेआउट मंजूर करताना दोन-तीन ठिकाणच्या खड्ड्यांचा अहवाल नकाशाबरोबर बंधनकारक करावा आणि तो गिऱ्हाइकाला दाखवावा. आपणही जाहिरातदारांकडे हा आग्रह धरावा. 'बसस्टँडपासून दहा मिनिटं' एवढ्यावर कोणाच्या आयुष्याची कमाई मातीत रुतू नये.

धाकट्या मुलासाठी सध्या अमळनेरकडे जागा पाहतो आहे. एक पसंत आहे, खड्डाही घेतला: चार फूट काळी, खाली पिवळा मुरूम. मालकाला आखाजीचा मुहूर्त साधायचा आहे. मी त्यांना सांगितलं, श्रावणातल्या एका मोठ्या पावसानंतर गमबूट घालून येतो, बयाण्याचं पोळ्यानंतर बोलू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पारोळा (जि. जळगाव)