ताप येईल असे आधीच सांगितल्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला गोवर-रुबेलाच्या लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर देऊन तुम्ही तिच्या कार्डावर तारीख घातलीत, तेव्हा उपकेंद्राबाहेर रांग होती आणि मनातले बोलणे राहून गेले. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण माझ्या मनात होत्या त्याच शंका गोव्याच्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पुष्कळ आयांच्या मनात आहेत.

मुलीला नऊ महिने पूर्ण झाले ते गणेशचवथीच्या सुमारास. लसीकरणाच्या दोन दिवशी मी तिला आणले नाही आणि मग तुम्हीच भर पावसात आमच्या घरी आलात. कशाची भीती वाटते, एवढेच विचारून तुम्ही सोप्यावर बसलात आणि माझे सगळे ऐकून घेतलेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातच गोव्याचा समावेश होता. त्या दिवसांत फोनवर वाचलेले संदेश माझ्या डोक्यातून गेले नव्हते : या लसीने मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होते, हे रोग आता उरलेलेच नाहीत, इतक्या लसी लहान जिवाला झेपत नाहीत.

तुम्ही सुरुवात केलीत ती लसीचा त्रास सांगण्यापासून. टोचल्या जागी दुखेल. पाच ते बारा दिवसांच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठते. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याच मुलाला होते, पण ती बहुधा लगेच दिसते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो, असे तुम्ही सांगितलेत. लसीने काहीच होत नाही असे तुम्ही म्हणाला असता, तर पहिल्याच तापाला माझा तुमच्यावरचा विश्वास उडाला असता. पहिल्या डोसानंतर आठव्या रात्री तिचे अंग तापले आणि ती पहाटेपर्यंत माझ्या खांद्यावर कुरकुरत राहिली, तरी मी घाबरले नाही.

स्वमग्नतेविषयी मी नंतर स्वतः वाचले. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीवर एका लेखात हा संशय घेतला होता. त्यातील माहितीत फेरफार असल्याचे पुढे उघड झाले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणे घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात ते वय आणि या लसीचे वय जवळजवळ एकच, त्यामुळे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. त्या आईबापांचे दुःख खरे आहे. त्यांना सांगितले गेलेले कारण खोटे आहे, आणि याचा मला फार राग येतो.

रोग उरले नाहीत, या माझ्या बोलण्यावर तुम्ही आमच्या थोरल्या आईंकडे बोट दाखवलेत. त्यांच्या गालांवर देवीचे व्रण आहेत आणि लस टोचण्याला त्या अजूनही ‘देवी काढणे’ म्हणतात. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, ती लस बंद झाली ती रोगच संपल्यामुळे. गोवर मात्र गेलेला नाही, नुसता अडवून धरलेला आहे, हा फरक मला त्या दिवशी कळला. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होते. देशोदेशीचे पाहुणे जिथे बारा महिने येतात, त्या गोव्यात हे विसरून चालणार नाही. जपानमध्ये १९७५ नंतर डांग्या खोकल्याची लस भीतीपोटी मागे पडली आणि १९७९ मध्ये सुमारे १३,००० जणांना तो खोकला होऊन ४१ जण दगावले.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. पहिल्या डोसाच्या दिवशी, टोचण्यापूर्वी, तुम्ही कुपी माझ्या डोळ्यांसमोर धरलीत. तिच्यावर वर्तुळात एक लहानसा चौकोन होता. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची, उष्णता लागत गेली की तो गडद होतो, असे तुम्ही समजावलेत. मग औषध द्रावणात विरघळवून कुपीवर वेळ लिहिलीत, कारण त्यानंतर चार तासांत न वापरलेली लस टाकून द्यायची असते. इतकी निगराणी रोज, प्रत्येक बाळासाठी होते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

शेजारच्या वहिनींचा मुलगा पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांचा होईल. परवा त्यांनी मला फोनवरचे तसलेच संदेश दाखवले. मी त्यांना आधी तापाविषयी सांगितले. लसीकरणाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर येणार आहे. त्यांना तो चौकोन दाखवाल, एवढी विनंती.

तुमची ऋणी,
तुमच्या उपकेंद्राच्या हद्दीतली एक आई