चित्र टीव्हीवर, आवाज लॅपटॉपमध्येच

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. नव्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, चित्र उत्तम आले, आवाज मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपमधूनच येत राहिला आणि काका शेवटी कंटाळून उठून गेले, हे वाचून मला वाईट वाटले. काकांना ऐकायला कमी येते आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत ते शब्द जुळवतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे तुझी अडचण किरकोळ आहे असे मी मानत नाही. फोनवर घाईत सांगितलेले विसरायला होते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. पत्र शेजारी ठेवून एकेक गोष्ट करून पाहा.

आधी तुझ्या मुख्य अडचणीचे बघू. एचडीएमआयच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, पण चित्र गेले की आवाजही आपोआप गेलाच पाहिजे असे नाही. आवाज कुठे पाठवायचा याचा निर्णय लॅपटॉप वेगळा घेतो आणि पुष्कळदा तो आपल्या स्वतःच्या स्पीकरलाच चिकटून राहतो. तुझ्याकडे विंडोज आहे, तेव्हा पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक कर. आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी दिसेल आणि तिच्याजवळ एक लहान बाण असेल. तो दाबलास की आवाजाच्या साधनांची यादी उघडते. त्या यादीत तुझ्या टीव्हीचे नाव किंवा मॉडेलचा क्रमांक असायला हवा. तो निवड. चित्रपट आधीपासून चालू असेल तर तो बंद करून पुन्हा लाव, कारण काही प्लेअर सुरू होताना जे साधन सापडले तेच शेवटपर्यंत धरून ठेवतात. दहापैकी आठ वेळा काम इथेच संपते, असा माझा अनुभव आहे.

यादीत टीव्हीचे नावच नसेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून तिथे ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप कर. आवाजाची जुनी खिडकी उघडेल. तिच्यातील मोकळ्या जागेवर उजवे क्लिक करून बंद केलेली साधने दाखवण्याचा पर्याय निवड. टीव्ही तिथे फिकट रंगात दिसला तर त्याच्यावर उजवे क्लिक करून तो सुरू कर.

तिथेही तो नसेल, तर पुढची गोष्ट नीट लक्षात घे, कारण ती माहीत नसल्यामुळे माझी एक पूर्ण संध्याकाळ वाया गेली होती. मी साउंड कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम, दोनदा काढून पुन्हा घातला आणि काडीचाही फरक पडला नाही. एचडीएमआयचा आवाज बहुतेक लॅपटॉपमध्ये हेडफोनच्या चिपमधून जातच नाही. चित्र जिथून निघते त्या ग्राफिक्स चिपमधूनच तो चित्राबरोबर निघतो. म्हणून ड्रायव्हर अद्ययावत करायचा तो ग्राफिक्सचा. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घे, भलत्या ठिकाणाहून नको.

टीव्हीचे नाव त्या यादीत येते कसे, हे समजले तर निम्मे बिघाड तुझे तुलाच ओळखता येतील. एचडीएमआयच्या टोकात १९ पिना असतात. केबल लावली की लॅपटॉप एका पिनेवरून ५ व्होल्ट पाठवतो, टीव्ही दुसऱ्या पिनेवरून ‘मी इथे आहे’ अशी खूण देतो आणि मग लॅपटॉप टीव्हीकडून त्याची ओळख वाचून घेतो. या ओळखीला ईडीआयडी म्हणतात. तिचा पहिला भाग फक्त १२८ बाइटचा असतो; त्यात नाव आणि चित्राची मापे असतात. आपण कोणता आवाज वाजवू शकतो हे टीव्ही त्यापुढच्या जोडभागात सांगतो. मधे एखादा हलका स्प्लिटर (एक जोडणी अनेक पडद्यांना वाटणारा डबा) किंवा कन्व्हर्टर (एका प्रकारची जोडणी दुसऱ्या प्रकारात बदलणारा) असला आणि त्याने हा दुसरा भाग पुढे दिला नाही, तर लॅपटॉपला वाटते की समोर आवाज नसलेला साधा मॉनिटर आहे, आणि तो नुसते चित्र पाठवतो. म्हणून मधली सगळी उपकरणे काढून एकदा थेट केबल लावून पाहा. टीव्ही आधी सुरू कर, रिमोटवरून योग्य इनपुट निवड आणि मग केबल जोड, म्हणजे ही ओळख पहिल्याच वेळी नीट वाचली जाते.

कपाटात पडलेला तुझा जुना लॅपटॉप काकांच्या खोलीसाठी वापरायचा विचार आहे असे तू लिहिले आहेस. त्याला एचडीएमआय नसून व्हीजीए असेल, म्हणजे तीन ओळींत १५ छिद्रे आणि दोन बाजूंना स्क्रू असलेले सॉकेट. व्हीजीए १९८७ मधले आहे. त्यातून फक्त चित्र जाते, आवाजाची सोयच नाही. १९९९ मध्ये आलेले डीव्हीआय हे सॉकेटदेखील मुळात चित्रासाठीच होते. चित्र आणि आवाज एकाच केबलमध्ये आणणाऱ्या एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. तेव्हा जुन्या लॅपटॉपसाठी दोन केबल लागतील: चित्रासाठी एक, आणि हेडफोनच्या सॉकेटमधून टीव्हीच्या ऑडिओ इनपर्यंत साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची दुसरी. डीव्हीआयचे चित्र टीव्हीच्या एचडीएमआय सॉकेटमध्ये नेणार असशील तर इथे एक बारीक मेख आहे. माझ्या आधीच्या टीव्हीच्या मागे मी मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहिले, तेव्हा चार एचडीएमआय सॉकेटांपैकी फक्त एकाखाली बारीक अक्षरांत डीव्हीआय असे छापलेले दिसले. वेगळ्या केबलने आलेला आवाज तो टीव्ही फक्त त्याच सॉकेटच्या चित्राबरोबर वाजवत असे. मी शेजारच्या सॉकेटमध्ये केबल खुपसून बसलो होतो. तुझ्या टीव्हीच्या मागची अक्षरेही एकदा उजेडात वाचून घे.

अडॅप्टर घेताना दिशा पाहा. डिस्प्लेपोर्टमधून (काही लॅपटॉपवरचे पडदा जोडायचे वेगळे सॉकेट) एचडीएमआयकडे नेणारा अडॅप्टर सहसा उलट्या दिशेने चालत नाही. तुझ्या नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी असेल तर नुसत्या आकारावर विसंबू नकोस; दिसायला सारख्या असलेल्या दोन सॉकेटांपैकी एकातून चित्र जाते आणि दुसऱ्यातून केवळ चार्जिंग आणि फाइल. सॉकेटजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची (यूएसबी-सीच्याच आकाराची वेगवान जोडणी) विजेच्या आकाराची खूण आहे का ते बघ, नाहीतर लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहा.

आता चित्राविषयी. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबलीस की चार पर्याय येतात. चित्रपट पाहताना शेवटचा, म्हणजे फक्त दुसरा पडदा हा पर्याय घे. दोन्हीकडे तेच चित्र दाखवण्याचा पर्याय सोपा वाटतो, पण त्यात दोघांना एकच माप वाटून घ्यावे लागते. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ आणि टीव्हीचा १९२० बाय १०८० असेल, तर टीव्हीवर लहान चित्र ताणून दाखवले जाण्याची शक्यता असते आणि माणसांचे चेहरे धूसर दिसतात.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची पट्टी अर्धीच दिसत असेल, तर दोष लॅपटॉपचा नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपवत असत. ती सवय नव्या टीव्हींनीही ठेवली आहे आणि ते चित्र थोडे मोठे करून दाखवतात. टीव्हीच्या चित्राच्या मेनूमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा फुल पिक्सेल अशा नावाचा पर्याय शोध. त्याच मेनूत त्या इनपुटला पीसी असे नाव देता आले तर अवश्य दे; पुष्कळ टीव्ही मग अक्षरे स्पष्ट दाखवतात. काळा रंग राखाडी दिसत असेल तर लॅपटॉप रंगांचे आकडे १६ ते २३५ या मर्यादेत पाठवतो आहे आणि टीव्ही ० ते २५५ समजतो आहे. रात्रीच्या प्रसंगातले सगळे तपशील उलट काळ्यात बुडत असतील तर गोंधळ विरुद्ध दिशेचा आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दोघांचे जुळवून दे.

केबलवर वारेमाप खर्च करू नकोस, हे मी तुला अगदी आग्रहाने सांगतो. डिजिटल संदेश नीट पोहोचला तर चित्र पूर्ण येते, नाही पोहोचला तर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. सोन्याचा मुलामा दिल्याने रंग अधिक खुलत नाहीत. लांबी मात्र महत्त्वाची आहे. फोर-के, म्हणजे १०८० च्या चौपट बारकाव्याच्या चित्रासाठी केबल तीन मीटरच्या आत ठेव आणि ती सॉकेटजवळ काटकोनात वाकवू नकोस. फोर-केवर माउसचा बाण अडखळत सरकत असेल तर जोडणी सेकंदाला ३० चित्रांवर अडकली आहे असे समज. २००९ च्या १.४ आवृत्तीची मर्यादा तेवढीच होती. ६० चित्रे २०१३ च्या २.० आवृत्तीपासून जाऊ लागली.

केबलच नको, सगळे बिनतारी करू, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. विंडोजची कळ आणि के दाबून मिराकास्ट या बिनतारी पद्धतीने ते करता येते. ही पद्धत २०१२ पासून आहे आणि फोटो दाखवायला छान आहे. पण त्यात चित्र आधी दाबून लहान करतात, हवेतून पाठवतात आणि टीव्हीत पुन्हा उलगडतात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि वायफायवर गर्दी झाली की चित्र अडखळते, आवाज तुटतो. आपल्यासारख्यांना ते चालून जाते. काकांसाठी मात्र ओठ आणि शब्द एकाच क्षणी येणे हाच चित्रपट समजण्याचा आधार आहे. त्यांच्यासाठी केबलच लाव.

याच कारणाने आणखी दोन गोष्टी बघ. बाहेरचे स्पीकर लॅपटॉपला जोडलेस तर आवाज लगेच येतो आणि चित्र टीव्हीच्या प्रक्रियेत थोडे रेंगाळते. स्पीकर टीव्हीला जोड किंवा टीव्हीचा गेम मोड लाव, तो हा उशीर कमी करतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये के कळ दाबली की दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येऊ लागतो आणि जे कळीने तेवढाच लवकर. काकांना शेजारी बसवून, एखादा माणूस समोरून बोलतो आहे असा प्रसंग लावून, त्यांच्याच सांगण्यावरून ते जुळव. दुसरी गोष्ट म्हणजे संगीत मोठे आणि संवाद पुटपुटल्यासारखे येणे. चित्रपटाचा आवाज पुष्कळदा सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा वेगळ्या स्पीकरांसाठी वाटलेला असतो, त्यातले संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात, आणि टीव्हीला स्पीकर दोनच असताना ते पुष्कळदा दबून जातात. आवाजाच्या त्याच जुन्या खिडकीत टीव्हीवर क्लिक करून कॉन्फिगर दाब आणि स्टिरिओ निवड.

लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेव आणि पुढचे कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटवर सोड. म्हणजे काकांना दर वेळी कुणाला हाक मारावी लागणार नाही. रिमोट त्यांच्या हातात दे.

येत्या रविवारी हे सगळे करून पाहा आणि यादीत टीव्हीचे नाव आले की नाही ते मला कळव. नसेल आले तर दोन्हीकडच्या सॉकेटांचे फोटो पाठव, मी पाहून लगेच लिहितो. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र