हबसाणातला क्रूस

वाई,
सर्वपित्रीच्या आदल्या रात्री

प्रिय गड्या,

दीड वर्ष तुला एक ओळ लिहिली नाही. काय रागवायचं ते भेटीत रागव, आधी हे वाच. गुडघा बरा आहे, आईची साखर ताब्यात आहे.

दसऱ्याला आमच्या पाटावर तलवारीशेजारी मांडायचे तो पितळी क्रूस आठवतो? आजी म्हणायची, "खापरपणजोबांनी हबसाणातून आणलाय." हबसाण म्हणजे मुरूड-जंजिरा हे आपण धरूनच चाललो होतो. सिद्दीच्या किल्ल्यात तसाच दुसरा क्रूस शोधताना तू परतीचं होडकं चुकवलंस आणि बाबांनी मात्र मला बडवलं! तर परवा घराच्या वाटण्या करताना त्याच पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं पदक निघालं. मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुखडा, भोवती नऊ टोकांचा तारा, टोकांच्या मध्ये एकेक इंग्रजी अक्षर. जुळवली तर ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, खरं हबसाण. मागे खापरपणजोबांचं नाव आणि बॉम्बे सॅपर्स, म्हणजे रस्ते आणि सुरुंगांचं काम करणारी इंग्रजांची पलटण.

गड्या, १८६८. मगदला. एम.ए.ला हबसाणच्या ज्या बादशहा तेवोद्रोसवरून आपण आठवडाभर एकमेकांशी बोललो नव्हतो, त्याच्या या डोंगरी गडावर चालून गेलेल्या इंग्रज फौजेत आमचा माणूस होता.

तुझं तेव्हाचं म्हणणं होतं की त्याला सरदारांनी बुडवलं. १७६९ पासून बादशहा गोंदरला नावापुरता आणि कारभार रासांच्या, म्हणजे बड्या सरदारांच्या हाती. तू फळ्यावर शेजारी सातारा आणि पुणे लिहिलं होतंस. 'रिस्त' म्हणजे कुळाची मिरास, 'गुल्त' म्हणजे सरंजाम, हेही तूच मला समजावलंस. सरदाराने रयतेकडून वसूल घ्यायचा आणि हाक आली की भालाइत घेऊन हजर व्हायचं. हाकेला जायचं की नाही, हे तोच ठरवणार. तेवोद्रोसने १८५५ मध्ये मुकुट घातल्यावर शिपायांना पगार द्यायचा घाट घातला, म्हणजे फौज शेतकऱ्याच्या घरात घुसून जेवणार नाही. मी म्हणायचो, मग त्याने स्वतःच गोंदर का जाळलं? शेवटी शेवटी शेकडो कैदी कड्यावरून का लोटले? ते मी आजही सोडत नाही. पण भांडणाच्या रात्री मी तुला 'तेवोद्रोसचा वकील' म्हणालो, ते मागे घेतो.

मला झोप लागत नाही ती रस्त्यांमुळे. त्या उन्हाळ्यापूर्वी त्या मुलखात दोन रस्ते एकाच डोंगराकडे चालले होते. आपली राजधानी देब्रे ताबोर जाळून तेवोद्रोस मगदलाकडे निघाला होता, सेवास्तोपोल नावाची आपली अजस्र तोफ ओढत, वाटेतले दगड स्वतःच्या हातांनी उचलत. उत्तरेकडून, समुद्रकाठच्या झुलापासून, इंग्रज सेनापती नेपियरची मुंबईची फौज घाट फोडत येत होती. तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती इथून नेलेले. आणि हत्ती चढतील असा रस्ता करायचं काम सॅपर्सचं. म्हणजे आमच्या खापरपणजोबांचं! तिथला सपाट माथ्याचा डोंगर, 'अंबा', आपल्या पांडवगडासारखाच काळ्या कातळाचा. सुरुंग ठासताना त्यांना घर आठवलं असेल का रे?

इंग्रजांना वाट दिली उत्तरेकडच्या तिग्रे प्रांताच्या कासा या सरदाराने. धान्य आणि जनावरंही पुरवली, बदल्यात तोफा-बंदुका घेतल्या, आणि १८७२ मध्ये योहान्नेस म्हणून तोच गादीवर बसला. हे वाचताना मला १८०३ मध्ये इंग्रजांच्या बळावर गादीवर परतलेला दुसरा बाजीराव आठवला, आणि तूही. शनिवारवाड्यावर १८१७ मध्ये इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा आमचे लोक पेशव्यांच्या बाजूने लढले असं घरात सांगतात. पन्नास वर्षांत त्याच घरातला मुलगा त्याच निशाणाखाली दुसऱ्याचा गड पाडायला गेला. मगदलाखालच्या अरोगेच्या उतारावर भाल्यांपुढे स्नायडर रायफली. तिकडचे सातशेच्या आसपास मेले, इकडचे दोन. तीन दिवसांनी गड पडला आणि तेवोद्रोसने व्हिक्टोरिया राणीनेच भेट दिलेल्या पिस्तुलाने स्वतःला संपवलं. मग लूट. पंधरा हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरं भरून ती खाली आली, पठारावर तिचा लिलाव झाला.

तो क्रूस त्यातला का? दोन पैशांना घेतला, की कुणाच्या हातातून? हा हातात धरायचा क्रूस आहे, भक्ताने ओठ लावायचा. त्याच्या खालच्या टोकाशी पितळ झिजून गुळगुळीत झालंय. ती झीज आमच्या घरची नाही. आम्ही वर्षातून एकदा हळदकुंकू वाहत होतो.

चुलतभावाला पदक आणि क्रूस एकाच चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायचेत, 'घराण्याचा पराक्रम' म्हणून. त्याला वाईट म्हणवत नाही. खापरपणजोबांनाही म्हणवत नाही. उद्या त्यांच्याही नावाने पान वाढायचंय. पण क्रूस मी चौकटीत जाऊ देणार नाही. परत द्यायचा असं मनाने घेतलंय. तिथल्या चर्चला, की वस्तुसंग्रहालयाला? तुझी तिकडे ओळख होती ना, अदिस अबाबाला शिकवायला गेला होतास तेव्हाची?

मुलीचं ठरलं असं कळलं, फार आनंद झाला. नव्या जागेचं भाडं परवडतंय ना? वहिनींना नमस्कार.

तुझी ती जुनी वही, रिस्त-गुल्तची टिपणं असलेली, घेऊन ये. दसऱ्याच्या आत ये. क्रूस सध्या माझ्या कपाटात आहे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. स्टँडवर मी येतो.

तुझाच,
मी